टांग्याच्या टपाला पडदे: कामाच्या नोंदी

१८ मे २०२४

आज दुकानासमोर टेम्पोतून टांगा उतरला. शेजारचा पंक्चरवाला, समोरचा चहावाला, उन्हाळी सुट्टीतली चार पोरं, सगळे गोळा. जीप, ट्रॅक्टर, रिक्षा यांची हुडं आणि सीट कव्हरं शिवण्यात माझी अठरा वर्षं गेली, टांगा मात्र पहिलाच.

गाडी तात्यांची. पन्हाळ्याच्या वाटेवरचं गाव. त्यांचे वडील कोल्हापूर स्टेशन ते अंबाबाईचं देऊळ भाडं मारायचे, त्या काळातला हा टांगा. चाकांची धाव, म्हणजे बाहेरची लोखंडी पट्टी, नवी बसवलीय; तुंबे (चाकाचा मधला गाभा) आणि आरे मूळचेच. टपाचं कापड दोन वर्षांपूर्वी कुणीतरी रेग्झिनमध्ये शिवून दिलंय. वाईट नाही, पण बाजू सताड उघड्या.

तात्यांची मागणी एका वाक्यात: "पावसात बी टांगा भाईर काढायचा हाय, आन तुझ्या काकूला भिजवून न्यायची न्हाई."

मी म्हटलं, रिक्षाला लावतो तसे दोन पडदे लावून देतो, आठवड्यात न्या. तात्या हसले. "पडदा म्हंजे गोठ्याचं बारदान न्हवं, लावलं आन सोडलं. जाताना पाऊस उजवीकडनं येतोय, येताना डावीकडनं. उघडझाप मलाच कराय पायजे, आन माझ्या एका हातात लगाम हाय."

म्हणजे खरी मागणी ही. पडदा हवा तेवढा खाली, हवा तेवढा वर, एका हातानं, बसल्या जागेवरून. आठवड्यात होणार नाही हे तिथंच कळलं.

२० मे

मापं घेतली. टप चार लोखंडी गजांवर उभा आहे. गज सरळ नाहीत, मागचे दोन बाहेर झुकलेत. टपाच्या कडेपासून बाजूच्या फळीपर्यंत ३६ इंच. दोन गजांमधलं अंतर वर ४२, खाली ४४. डावी बाजू उजवीपेक्षा पाऊण इंचानं बुटकी, कारण त्या बाजूचा कमानपाटा, म्हणजे खालची स्प्रिंग, बसलाय. तात्या आणि काकू वर्षानुवर्षं आपापल्या ठरलेल्या बाजूला बसत आले, त्याचा हा परिणाम असावा. काकू डावीकडं. (हे मी त्यांच्यासमोर बोललो नाही.)

एक हिशेब मांडून ठेवतो. पडदा पुरा खाली सोडला की साधारण एक चौरस मीटरचं शीड होतं. ताशी ३६ किलोमीटरच्या वाऱ्यात त्यावर सहा किलोच्या आसपास दाब येतो. वारा दीडपट झाला की दाब दीडपट होत नाही, सव्वादोनपट होतो, म्हणजे साडेतेरा किलो. चारचाकीला हे काहीच नाही. टांगा दोन चाकांवर, आणि त्याच्या पुढच्या दांड्या घोडीच्या अंगावर. बाजूनं बसलेला प्रत्येक धक्का पाटे आणि चाकं पूर्ण पचवत नाहीत, थोडा तिच्यापर्यंत जातोच. पडदा ताणून घट्ट बांधायचा की खालून थोडा सैल सोडायचा, हे यावरून ठरवायचं.

२३ मे

कापड. पहिल्यांदा एका दुकानातून 'शंभर टक्के वॉटरप्रूफ' म्हणून कोटिंगचं कापड आणलं. अर्धा तास उन्हात ठेवलं तर आतून घाम सुटल्यासारखं ओलं. घडी घातली की पांढरी रेघ, आणि त्या रेघेतून दुसऱ्याच दिवशी पापुद्रा निघाला. परत नेलं तर दुकानदार म्हणाला, घडी कशाला घातली? पडदा गुंडाळायचा नसतो तर काय करायचा असतो, हे विचारून आलो. पैसे परत मिळाले नाहीत.

मग इचलकरंजीहून जाड सुती कॅनव्हास मागवला. वजन मीटरला ५४० ग्रॅमच्या आसपास. हात लावला की खात्री वाटते असं कापड.

२९ मे

कापायच्या आधी तुकडा भिजवून पाहिला म्हणून वाचलो. १२ बाय १२ इंचाचा चौकोन, रात्रभर बादलीत, दिवसभर उन्हात. उभ्या धाग्यात ११। इंच भरला, आडव्यात ११।।।. मापानं कापून शिवलं असतं तर पहिल्या पावसात ३६ इंचाचा पडदा ३४ च्या खाली आला असता आणि काकूंचे गुडघे उघडे पडले असते. सगळंच्या सगळं कापड गच्चीवर भिजवून वाळवलं. शेजारच्या वहिनींनी विचारलं, कुणाच्या लग्नाचा मांडव?

शिवायला पॉलिएस्टरचा दोरा नको, सुतीच. सुती दोरा ओला झाला की फुगतो आणि सुईचं भोक स्वतःच बुजवतो. पॉलिएस्टर जास्त टिकतं, पण भोक होतं तसंच राहतं आणि टाक्याटाक्यातून पाणी झिरपतं. जीपच्या हुडांना मी इतकी वर्षं पॉलिएस्टर वापरतोय आणि वर चिकटपट्टी मारतोय. इथं चिकटपट्टी कापडाला धरणारच नाही.

२ जून

पहिली रीत: टिच बटणं. फळीवर एक रांग, तिच्या वर १२ इंचांवर दुसरी, आणखी १२ वर तिसरी. पडदा दुमडायचा आणि हव्या रांगेत टिचकायचा. कागदावर सुंदर.

दुकानात उभं राहून लावताना सोपं. टांग्यात बसून, डाव्या हातात लगामाच्या जागी दोरी धरून, एका हातानं लावायला गेलो तर एक बटण लागतं तोवर दुसरं निसटतं. कापड ओलं करून परत पाहिलं. ओला कॅनव्हास पत्र्यासारखा होतो, दुमडतच नाही. तिसऱ्यांदा ओढलं तेव्हा बटण कापडासकट हातात आलं.

८ जून

मृग निघाला. संध्याकाळी पाऊण तास चांगला पडला. टांगा मुद्दाम बाहेर ठेवला होता. पाणी आत आलं नाही, एवढं एकच समाधान.

११ जून

आज वेगळाच घोटाळा. पडदा गुंडाळून बांधायला ज्या वाद्या लावल्या होत्या, त्यांच्याखाली कापडावर निळसर काळे डाग. शाई सांडल्यासारखे. आधी वाटलं बुरशी. घासलं तर जाईना.

वाद्यांचं चामडं सुभाषनगरातून आणलेलं, कोल्हापुरी चपलांच्या कारागिराकडून. त्यालाच विचारलं. त्यानं डाग पाहिला आणि माझ्याकडं पाहिलं. "रिव्हेट लोखंडी मारलंय व्हय?" मारलं होतं. हे चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं. त्या तुरट रसाला ओल्यात लोखंड लागलं की काळी शाई तयार होते. पूर्वी हिरडा आणि लोखंडाचीच शाई करायचे. मी म्हणजे टांग्यावर दौत उपडी केली.

सगळी लोखंडी रिव्हेटं काढली, पितळी मारली. पितळही चामड्यातल्या चरबीनं हिरवं धरतं, पण ते पुसलं की जातं. डागाचा पट्टा कापून नवा जोड दिला. तो जोड उजव्या पडद्याच्या आतल्या बाजूला अजून दिसतो.

१५ जून

दुसरी रीत: दोरी आणि कड्या. पडद्याच्या मागे कड्यांची ओळ, त्यातून दोरी, वर छोटी कप्पी. ओढलं की पडदा घड्या घालत वर. खिडकीला असतो तसा. एका हाताचं काम, आणि पहिल्या दिवशी मी स्वतःवरच खूश.

नळीनं पाणी मारलं. दोरी फुगली, कप्पीत अडकली, पडदा निम्म्यावर लटकला. नायलॉनची दोरी घातली तर ती फुगली नाही, पण गाठ धरेना. शिवाय ओढून झाल्यावर चार फूट दोरी तात्यांच्या मांडीवर लोंबतेय, लगामाच्या शेजारी. ती एकदा जरी लगामात गुंतली तर काय होईल, याचा विचार करून मीच काढून टाकली. तात्यांना ही रीत दाखवलीही नाही.

२१ जून

आज जमलं. म्हणजे कागदावर नाही, टांग्यावर.

बांबूची चिक कशी गुंडाळली जाते ते आठवलं. वादीचं एक टोक टपाच्या कडेला बाहेरून पक्कं. ती पडद्यावरून खाली येते, खालच्या लाकडी दांडीखालून वळते आणि आतून वर जाते. आतलं टोक ओढलं की दांडी स्वतःभोवती पडदा गुंडाळत वर चढते. ओढायला निम्मी ताकद लागते, पण वादी दुप्पट ओढावी लागते. म्हणून वादीला ६ इंचांवर भोक म्हणजे पडद्याला ३ इंचांचा टप्पा. हे डोक्यात बसायला मला वादीची एक पट्टी वाया घालवावी लागली. पहिल्या पट्टीला ३ इंचांवर भोकं मारली होती आणि पडदा दीड दीड इंचानं सरकत होता.

दर बाजूला वाद्या दोन. नाहीतर दांडी तिरकी गुंडाळते. पण दोन वाद्या म्हणजे दोन हात. त्यावर उपाय: दोन्ही वाद्या टपाखाली पितळी कडीवरून वळवून पुढं आणल्या आणि तात्यांच्या बैठकीच्या वर एका कडीत जोडल्या. त्या कडीला एकच रुंद वादी, तिला भोकं, आणि पुढच्या गजावर पितळी घुंडी. भोकाला खाली एक बारीक चीर दिली, म्हणजे घुंडीचं डोकं आत जातं आणि मान भोकात बसते. अंगठ्यानं दाबली की बसते, अंगठ्यानंच उचकटली की सुटते. चिरेच्या टोकाला एक बारीक गोल भोक पाडायला विसरायचं नाही, नाहीतर चीर तिथून फाटत जाते. हे चपलेच्या कारागिरानं सांगितलं, त्याच्याच रापीनं मारून दाखवलं.

घुंडी मिळायला मात्र तीन दिवस गेले. घोडागाडीचं सामान विकणारं दुकान आता कुठं राहिलंय? मुंबईत २०१५ साली उच्च न्यायालयानं हौसेच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवून वर्षभरात बंद करायला सांगितल्या, आणि त्या गाड्यांवर जगणारे कारागीर दुसऱ्या धंद्याला लागले. घोड्यांचे हाल पाहता निकाल चुकीचा होता असं मला वाटत नाही, पण घुंडी शोधताना त्याची आठवण झाली खरी. शेवटी एका लेथवाल्याकडून आठ घुंड्या कातून घेतल्या. त्यातल्या दोन त्याच्या मुलीनं खेळायला ठेवून घेतल्या.

२७ जून

मेण. एक किलो पॅराफिनला पाव किलो मधमाशीचं मेण, दोन्ही पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून वितळवलं. थेट आचेवर कधीच नाही. गरम असतानाच ब्रशनं कापडावर, मग हेअर ड्रायरनं मुरवायचं. नुसतं पॅराफिन घडीत तडकतं, मधमाशीच्या मेणानं ते मऊ राहतं. तात्या म्हणाले, जवसाचं तेल लाव, आमचे वडील लावायचे. तेल चांगलं, पण त्याच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात राहिल्या तर आपोआप पेट घेतात. माझ्या दुकानात फोमचे ढीग. नको.

एक पडदा मेणासकट, दांडीसकट सव्वा किलो भरला.

पारदर्शक प्लास्टिकची खिडकीही शिवली होती, हातभर रुंद, तात्यांना बाजूचं दिसावं म्हणून. जुन्या गाड्यांच्या पडद्यांना सेल्युलॉइडच्या खिडक्या असत, त्या पिवळ्या पडून तडकत. माझी खिडकी पडली नाही पिवळी, पण पडदा गुंडाळताना ती कडकड वाजते. ते मला तेव्हा महत्त्वाचं वाटलं नाही.

३ जुलै

टांगा तात्यांच्या गावी नेला. घोडी जुंपली. चंद्री, अकरा वर्षांची, कपाळावर अर्ध्या चंद्राचा पांढरा डाग. तिनं तात्यांच्या हाताखाली दहा वर्षं काढलीत. वराती, बँड, फटाके सगळं पाहिलेली.

वारा पश्चिमेकडून, पाऊस भुरभुर. तात्या पुढं, मी मागं. उजवा पडदा पुरा खाली, डावा वर. दोनशे पावलं सुरेख. मग तात्यांनी डावा पडदा सोडायला घुंडी उचकटली.

पडदा उलगडला. खिडकीचं प्लास्टिक कडकडलं. दांडी गजावर 'टक' आणि मोकळी वादी टपावर 'टप टप टप'. मी मागं बसलो होतो, मला फक्त चंद्रीचे कान दिसले. दोन्ही कान एकाच वेळी मागं फिरले आणि माझ्याकडं रोखले. तिचं अंग आखडलं, आणि पुढच्या क्षणी टांगा रस्त्यावरून उतरून बांधाला लागला होता. चाकाचा तुंबा दगडाला घासला, टांग्याच्या पुढच्या एका दांडीचा रंग सोलला. एवढ्यावरच निभावलं, कारण तात्यांनी लगाम ओढला नाही. सैल सोडला आणि बोलत राहिले. "हो गं माझे आये. काय न्हाई. पडदा हाय तो."

मी खाली उतरून पडदा बघायला लागलो. तात्या म्हणाले, "पडद्याकडं काय बघतोस? घोडीला इचारलंस का आधी?"

नव्हतं विचारलं. महिनाभर मी पाणी, वारा, हात, लगाम, चामडं यांचा विचार केला, आणि ज्या प्राण्याच्या पाठीमागं हे सगळं लटकणार तिचा केला नाही. घोड्याला जवळपास साडेतीनशे अंशांत दिसतं, पण जुंपलेल्या घोड्याच्या डोळ्यांना ढापणं असतात. मागं काय चाललंय ते तिला दिसत नाही, फक्त ऐकू येतं. बँड तिच्या समोरून येतो. हा आवाज तिच्या पाठीवरून आला, आणि पाठीवर झडप घालणारं काय असतं हे घोड्याला कुणी शिकवावं लागत नाही.

तात्या चहा पिताना शाहू महाराजांच्या खडखड्याच्या गोष्टी सांगत बसले. ज्या गाडीचं नावच आवाजावरून पडलं, ती ओढणारे घोडे बुजत नसत. मी म्हटलं, मग चंद्री का? "खडखडा सारखाच वाजतोय की. सारखा वाजणारा आवाज म्हंजे गाडी. अवचित वाजला म्हंजे वाघ."

हे वाक्य घरी येऊन लिहून ठेवलं, तेच इथं उतरवलंय.

५ जुलै

आवाज मारायचं काम सुरू. खिडकी कापून टाकली. त्याऐवजी पडद्याची पुढची कड तिरकी कापली, वर ९ इंच मागं आणि खाली गजाला टेकलेली. तात्यांना त्या तिकोनातून चाक दिसतं. प्लास्टिकपेक्षा स्वच्छ दिसतं, खरं तर.

दांडीला नमदा (दाबलेल्या लोकरीचं जाड कापड) गुंडाळला, खोगिराखालचा जुना तुकडा तात्यांनीच दिला. गजाला जिथं दांडी टेकते तिथंही नमद्याची पट्टी. मोकळ्या वादीच्या शेपटासाठी दोन चामडी घरं शिवली, शेपूट त्यात खोचायचं. पितळी कड्या एकमेकींवर वाजत होत्या, मधे चामड्याची चकती.

६ ते १० जुलै

पडदा तात्यांच्या गोठ्यात. पहिल्या दिवशी चंद्रीच्या गव्हाणीपासून दहा हातांवर वासाला टांगला. तिनं वैरण सोडली. दुसऱ्या दिवशी खाल्ली, पण तोंड पडद्याकडं ठेवून. तिसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा तात्यांनी पडदा तिच्या मानेवरून फिरवला, मग पाठीवरून, मग मागच्या मांड्यांवरून, आणि प्रत्येक वेळी गुळाचा खडा. तिनं मेणाचा वास घेतला, नाक फेंदारलं, एक कोपरा चावला आणि थुंकला. तिथं दातांची खूण आहे. चौथ्या दिवशी तात्या तिच्या मागं उभं राहून पडदा गुंडाळत आणि सोडत होते, आणि चंद्री एक पाय मोडून डुलक्या घेत होती.

१३ जुलै

दुसरी फेरी. पाऊस चांगला. घुंडी, वादी, पडदा. एक कान मागं आला, परत पुढं गेला. बस.

डावा पडदा तीन वेळा वरखाली केला. तात्या आता बघतसुद्धा नाहीत, अंगठ्यानंच भोक चाचपतात. पहिल्या खेपेला प्रत्येक भोकाजवळ मी दाभणानं खूण केली होती, ती त्यांना लागलीच नाही.

खालची कड फळीला घट्ट बांधायची नाही हे पक्कं झालं. दोन बोटं फट ठेवली की झुळूक आली तरी पडदा फुगून सपकन बसत नाही, वारा खालून निसटतो. घट्ट बांधला तेव्हा एका झोतात टांगा बाजूला सरकल्याचं मला मागं बसून जाणवलं.

२६ जुलै

पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडलीय. दुकानातला फोम आणि मशिनं माळ्यावर चढवली. तात्यांना फोन केला, टांगा गोठ्यात, चंद्री बरी, पडदे कोरडे.

११ ऑगस्ट

पूर ओसरल्यावर आज पहिल्यांदा टांगा आणि काकू दोघं शहरात आले. काकूंनी पडद्याला हात लावून पाहिला आणि विचारलं, हा मेणाचा वास जाणार कधी? म्हटलं, पहिल्या उन्हाळ्यात, तेव्हा परत मेण लावावं लागेल. त्यांना ते आवडलेलं दिसलं नाही.

राहिलेलं एक काम: डाव्या बाजूला तिसरं भोक काकूंना फार वर पडतं, पाय भिजतात. दुसरं फार खाली, बाहेरचं काहीच दिसत नाही. पाटा त्याच बाजूला बसलाय, त्यामुळं उजवीकडचे टप्पे तिथं जुळत नाहीत. दोन्हींच्या मधोमध, ३ इंचांवर, एक जादा भोक पाडून दिलं. त्याचे पैसे घेतले नाहीत. जाताना काकू पडदा बरोबर त्याच भोकावर लावून गेल्या.